खोटा पुरावा की फसवी खूण?

प्रश्न असा आला आहे: दूरच्या ग्रहांविषयी लिहिताना ‘प्राणवायू हा जीवसृष्टीचा खोटा पुरावा ठरू शकतो’ हे वाक्य चालेल का?

व्याकरणाची हरकत नाही, पण मी ते तसं लिहिणार नाही. मराठीत खोटा पुरावा म्हटला की तो कुणीतरी मुद्दाम रचलेला असतो. इथे लबाडी कुणाचीच नाही. वायू खरा, प्रकाशाच्या वर्णपटात ०.७६ मायक्रॉनजवळ उमटणारा त्याचा काळा पट्टाही खरा. चुकतं ते त्यावरून आपण काढलेलं अनुमान. म्हणून ‘फसवी खूण’.

न्यायशास्त्रात (कायद्याच्या नव्हे, भारतीय तर्कपरंपरेच्या) यासाठी नेमकी संज्ञा आहे: हेत्वाभास, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण निष्कर्षाला न पोचवणारं कारण. त्यातही हा ‘सव्यभिचार’ प्रकार. साध्य (जे सिद्ध करायचं ते) असेल तिथेही हेतू (त्यासाठी दिलेलं कारण) आढळतो आणि नसेल तिथेही. (मथळ्यात मात्र हा शब्द वापरू नका, आजच्या वाचकाला भलतंच काही वाटेल.) डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे हे अनुमान टिकतं, कारण अग्नीवाचून धूर होत नाही. जिवावाचून ऑक्सिजन मात्र होतो. गुरूच्या युरोपा या चंद्रावर विद्युतभारित कण बर्फावर आदळतात, पाण्याचे रेणू फुटतात आणि विरळ का होईना, ऑक्सिजनचं वातावरण तयार होतं.

लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड, ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर हाच घोटाळा फार मोठ्या प्रमाणावर होऊ शकतो. हे तारे बाल्यावस्थेत बराच काळ जास्त प्रखर असतात. त्या काळात ग्रहावरचं पाणी वाफ होऊन वर जातं, अतिनील किरणांनी फुटतं, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि जड ऑक्सिजन मागे राहतो. ल्यूगर आणि बार्न्स या खगोलशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मांडलेल्या गणितानुसार असा ऑक्सिजन शेकडो बार दाबाइतका साठू शकतो. पृथ्वीच्या सगळ्या हवेचा दाब मिळून एक बारच्या आसपास! कार्बन डायऑक्साइड फुटूनही ऑक्सिजन मिळतो, पण त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड सापडतो आणि बिंग फुटतं. उलट ऑक्सिजनसोबत मिथेन भरपूर असेल तर खूण पुष्कळ बळकट होते. हे दोन वायू एकमेकांना संपवत असतात, तेव्हा दोन्ही टिकून असतील तर कुणीतरी ते सतत पुरवत असलं पाहिजे.

आता ‘प्राणवायू’. हा शब्द रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीचा. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पंचप्राणांतून तो आला आणि ऑक्सिजनला चिकटला. एरवी मला तो आवडतो, पण ज्या लेखाचा प्रश्नच ‘तिथे प्राण आहे का’ हा आहे, तिथे या शब्दाने उत्तर आधीच फुटतं. ऑक्सिजन हे नावही तसं चुकीचंच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने ते ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थाने ठेवलं, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तर ऑक्सिजन नसतोच. फरक इतकाच की मराठी कानाला त्यातलं ‘आम्ल’ ऐकू येत नाही, ‘प्राण’ लगेच येतो.

‘ऑक्सिजन नाही म्हणजे जीव नाही’ असं उलटंही लिहू नये. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, इथे तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात: अग्नी आहे, धूर नाही. पृथ्वी स्वतःच असा गोळा होती. जीवसृष्टी निदान साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीची, आणि हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: ‘ऑक्सिजन ही जीवसृष्टीची फसवी खूण ठरू शकते.’ खूण स्त्रीलिंगी, म्हणून ‘ही’ आणि ‘शकते’.