मॉडेल किटच्या प्लास्टिक भागांवरचं क्रोम घरच्या घरी कसं काढावं? आणि खाली पिवळट थर राहिला तर काय करावं?

कपड्यांचं ब्लीच घ्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. प्लास्टिकच्या डब्यात भाग बुडतील इतकं ओता आणि झाकून ठेवा. ब्लीच ताजं असेल तर थोड्या वेळातच चकाकी उतरायला लागते, जुनं असेल तर रात्रभर राहू द्या. पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, काही होत नाही. थिनर सुचवणारे हमखास भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका. एनसी थिनरमध्ये, म्हणजे लॅकर रंगाच्या थिनरमध्ये, चकाकीबरोबर बंपरही विरघळेल.

किटवरच्या या थरात क्रोमियम नसतंच, आणि हे मला घरात भांडून सिद्ध करावं लागलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा थोरला भाऊ भोसरीत प्लेटिंगच्या कारखान्यात होता. नोकरीची सगळी वर्षं टाक्यांपाशी गेली, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा. मी 1957 च्या शेव्हरोले बेल एअरचं 1/25 प्रमाणातलं किट करत होतो. त्या गाडीचं सगळं रूपच बंपर आणि ग्रिलमध्ये आहे. आणि नेमकी बंपरवर साच्याची रेघ, स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिथून, कापलं तिथे पांढरा डाग. सगळे चकाकते भाग ब्लीचमध्ये टाकले. दादा आला, डब्यात डोकावला आणि म्हणाला, "क्रोम असं निघतं होय? त्याला हायड्रोक्लोरिकच लागतं. बाथरूममधलं ॲसिड आणतो, दोन झाकणं ओतू, लगेच साफ."

आणि तो बाटली घेऊन आलासुद्धा. मी त्याचा हात धरला. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि वहिनी व मुलं शेजारच्याच खोलीत होती. दादाला ते फार लागलं. "तू मला प्लेटिंग शिकवणार?"

त्याचं त्याच्या जागी खरं होतं. धातूवरचं क्रोम कारखान्यात हायड्रोक्लोरिकने काढतात. पण मी स्प्रूचा एक तुकडा कापला आणि भिंगासकट त्याच्या हातात दिला. "दादा, यात तांबं दाखव. निकेल दाखव." प्लास्टिकवर खरं प्लेटिंग करायचं तर सहसा एबीएस हे प्लास्टिक घेतात, ते क्रोमिक आम्लात कोरतात, मग तांबं, निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. छेदात तसं काहीच नव्हतं, चकाकीच्या आत सरळ प्लास्टिक. किटच्या भागांवर आधी लॅकर, म्हणजे वार्निशसारखा थर, मारतात, मग निर्वात पेटीत ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ त्यावर बसवतात. तो थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. ब्लीच अल्कधर्मी असतं आणि ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळतं, एवढंच त्यामागचं रसायन.

दादाने भिंग ठेवलं आणि विषय बदलला: "काढायचंच कशाला? कंपनीने दिलेली चांगली वस्तू तू खराब केलीस." दिवाळीला सगळे जमले की हे वाक्य अजून येतं. माझं उत्तर तेच आहे. चकाकीवर प्लास्टिक सिमेंट, म्हणजे किट जोडायचा गोंद, धरत नाही, जोड सुटतो. रेघ घासायची तर थर जाणारच. आणि लॅकरमुळे बारीक नक्षी बुजते ती वेगळीच. साफ केलेल्या बंपरवर ग्लॉस काळा मारून, तो पूर्ण वाळू देऊन वर अल्क्लॅड कंपनीचा क्रोम रंग एअरब्रशने मारा. एअरब्रश नसेल तर मोलोटोवचं लिक्विड क्रोम पेन चालतं. मग शेजारी तसाच ठेवलेला मूळ भाग बघा. तो खेळण्यातला दिसतो.

पिवळट थर म्हणजे तेच लॅकर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून टूथब्रशने घासा. काही किटचं सहज सुटतं, काहींचं हटत नाही. गुळगुळीत असेल तर सरळ प्रायमर मारा, जोडायच्या जागा मात्र खरवडून घ्या.

हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, तेही खाल्लं जाईल. सोनेरी भागांवर वरून रंगीत लॅकर असतं, त्यामुळे वेळ जास्त लागतो. आणि हे सगळं किटपुरतं आहे. खऱ्या मोटारीच्या ग्रिलवरचं क्रोम ब्लीचने निघणार नाही. तिथे दादाचं ऐका, पण त्याच्या कारखान्यात नेऊन.