यंत्राला भावना द्यायची ती कशी?

विचारणा अशी: ‘रोबोटला भावना देणे’ हा प्रयोग इंग्रजी वळणाचा वाटतो, त्याऐवजी ‘रोबोटमध्ये संवेदना निर्माण करणे’ लिहावं का?

मुळीच नको. संवेदना म्हणजे गार लागणं, टोचणं, चटका बसणं. यंत्रात हे खातं संवेदकाकडे, म्हणजे सेन्सरकडे. भिंत आली की वळणाऱ्या झाडूयंत्रालाही ‘संवेदनशील रोबोट’ म्हणणाऱ्या मथळ्यांनी आधीच वीट आणलाय. (कुणी वारल्यावर ‘संवेदना व्यक्त करणे’ ही हिंदीची उसनवारी, ते असो.)

‘भावना देणे’ला इंग्रजी ठरवणारे शुद्धिवादी आयुर्वेदिक औषधशाळेत डोकावलेले दिसत नाहीत. तिथे हा प्रयोग रोज खलात असतो. आवळ्याच्या चूर्णावर आवळ्याचाच रस घालायचा, सगळं चूर्ण भिजून एकजीव होईल इतकाच, आणि कोरडं होईतो घोटायचं. ही झाली एक भावना. अशा सात देतात, आमलकी रसायनाला एकवीससुद्धा. रस कमी पडला तर चूर्ण आतून कोरडंच राहतं. जास्त झाला तर वाळता वाळत नाही, आंबूस वास येतो, बुरशी धरते. भू धातूचं प्रयोजक भावयति, ‘व्हायला लावतो’, त्यावरून ही भावना. मनातली भावनाही तिथूनच आली, पण ‘देणे’ शोभतं ते खलातल्या भावनेला.

आणि यंत्रात नेमकं तेच चालतं: बाहेरून घालायचं आणि आत मुरवायचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठात सिंथिया ब्रिझील यांनी घडवलेलं किस्मेट म्हणजे नुसतं यांत्रिक डोकं. त्याची अवस्था तीन मापांवर ठरे: उत्तेजना किती, अनुभव बरा की वाईट, समोरच्याकडे ओढा की दुरावा. चेहरा फार जवळ नेला की ते मागे सरे. भ्यालं का? नाट्यशास्त्राच्या भाषेत हा अनुभाव, बाहेर दिसणारी खूण. आत भाव असल्याचा तो पुरावा नव्हे.

नट रडतो तेव्हा तो नट आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. पारो हा जपानी बनावटीचा पांढरा, केसाळ यांत्रिक सील मांडीवर घेऊन थोपटणाऱ्या स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना ते ठाऊक असेलच असं नाही. नीतीचा पेच आहे तो इथे, आणि बातमीदार ‘देणे’वरून बेमालूम ‘असणे’वर घसरतो तोही इथेच.

तेव्हा ‘पारोला भावना दिली’ खुशाल लिहा. ‘पारोला भावना आहेत’ नको. ‘थोपटल्यावर तो आनंदतो’ असंही नको. ‘आनंदल्यासारखं करतो’ लिहा.