आरव्हीचा (राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) छतावरचा एसी 13 वर्षं जुना आहे, रिपेअर करू की नवीन बसवू?

तुम्ही लिहिलंय की पंखा फिरतो पण हवा गार येत नाही आणि मेकॅनिक 600 डॉलर सांगतोय. आधी त्याला विचारा की हे 600 नक्की कशाचे, कारण सगळं त्यावरच आहे.

मी फीनिक्सला राहतो. जुलै 2023 मध्ये, सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटला टेकत होता ना, तेव्हाच आमच्या ट्रेलरचा एसी गेला, त्यात आई भारतातून आलेली, जीव नुसता टांगणीला. एका दुकानात दाखवला तर वर न चढताच म्हणाले नवीन घ्या. मला ते पटलं नाही. पहाटे छत तापायच्या आत शिडी लावली, वीज पूर्ण तोडली आणि वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. कपॅसिटरचं (मोटर सुरू व्हायला विजेचा जोर देणारा छोटा डबा) डोकं टम्म फुगलेलं, आणि कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पात्यांमधे कुंभारमाशीची मातीची घरं. पार्ट 30 डॉलरच्या आत मिळाला, पाती ब्रशने साफ केली, तोच एसी अजून चालतोय.

तुमचा कॉम्प्रेसर घूंऽऽ करून दोन-तीन सेकंदांत टक् आवाज होऊन बंद पडत असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्या. फक्त, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका, येत नसेल तर माणूस बोलवा प्लीज.

आणि व्होल्टेज बघा. कॅम्पग्राउंड (आरव्ही लावून वीज घ्यायची जागा) भरलेलं असलं की 120 व्होल्टचे कधीकधी 105 च्या खाली येतात, त्यात एसी चालवला तर चांगला कॉम्प्रेसरसुद्धा जळतो.

एसी सुरू होत असेल तर अर्ध्या तासाने आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान थर्मामीटरने मोजा. 16 ते 20 डिग्री फॅरनहाइटचा फरक असेल तर एसी ठीक आहे, ट्रेलर तापतोय, सावलीत लावा, खिडक्या झाका. फरक कमी असेल तर फिल्टर बघा आणि छतातल्या डब्यात गार हवा परत आत ओढली जाते का ते बघा, फटी असतील तर फॉइल टेपने बंद करा.

पण कॉम्प्रेसर गेला असेल किंवा गॅस लीक असेल तर मात्र माझ्या मते एक डॉलरही घालू नका. हे रूफटॉप युनिट सीलबंद असतात, बहुतेकांना गॅस भरायची जागाच नसते, लीक शोधून, ब्रेझिंग करून (पाइप धातू वितळवून जोडून) गॅस भरेपर्यंत नव्याच्या जवळपास पैसे जातात आणि 13 वर्षांचे बाकीचे पार्ट तेच राहतात.

नवीन घेताना छताचं भोक 14 बाय 14 इंचाचं आहे ना ते मोजा, बहुतेक तेच असतं. कंपनी बदलली तर आतला सीलिंगचा भाग आणि थर्मोस्टॅट जुळेलच असं नाही, ते आधी विचारा. तुमचं कनेक्शन 30 अँपचं असेल तर 15,000 बीटीयूचा (गार करायच्या ताकदीचं माप) एकच एसी चालतो, पण सोबत मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर उडतो. युनिट चाळीसेक किलोचं असतं, एकट्याने चढवू नका. जुनं उचललं की भोकाभोवतीचं लाकूड बोटाने दाबून बघा, मऊ लागलं तर पाणी झिरपतंय, ते आधी दुरुस्त करा. गॅस्केट (युनिट आणि छताच्या मधली फोमची पट्टी) साधारण अर्ध्या इंचापर्यंत दबेल इतकेच चारही बोल्ट सारखे आवळा, आठवड्याने परत एकदा बघा.

मेकॅनिक काय म्हणाला ते इथे खाली लिहा, कॉम्प्रेसरचं रीडिंग घेतलं असेल तर तेही लिहा.