दिवे लागतात, पण पिंग होत नाही: केबल बदलण्याआधी एआरपी बघा

तुमचा प्रश्न असा: ऑफिसातले दोन विंडोज कॉम्प्युटर एकाच स्विचला जोडलेत, दोन्ही पोर्टचे दिवे लागतात, तरी एकमेकांना पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का हे बघणारी चाचणी) होत नाही. मग नवी केबल ओढावी का?

इतक्यात ओढू नका. पिंग होत नाही एवढ्यावरून केबल खराब आहे असं ठरत नाही. पिंग आणि तार यांच्या मध्ये एआरपी नावाची एक पायरी असते आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते तीच सांगते.

पिंगचं पॅकेट पाठवण्याआधी तुमचा कॉम्प्युटर साऱ्या लॅनला, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कला, विचारतो, ‘192.168.1.20 कोण? तुझा मॅक ॲड्रेस दे.’ मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, आणि हा प्रश्न म्हणजेच एआरपी. समोरच्या मशीनवरचा फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी प्रोग्राम) पिंग गिळून टाकतो, पण या प्रश्नाला सहसा आड येत नाही. म्हणून पिंग मारा आणि लगेच कमांड प्रॉम्प्टवर एआरपी ही कमांड, डॅश ए लावून (arp -a), चालवा. यादीत समोरच्याचा आयपी आणि त्याच्यापुढे त्याच मशीनचा मॅक दिसला, तर केबल, स्विच, नेटवर्क कार्ड सगळं काम करतंय. मग बहुतेक वेळा अडवणारा फायरवॉलच असतो. तो अख्खा बंद करू नका. इनबाउंड रूल्समध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग (एको रिक्वेस्ट - आयसीएमपीव्ही4-इन)’ हा नियम चालू करा आणि नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा.

पिंगचा मेसेजही नीट वाचा, इथे पुष्कळ जण फसतात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर एकाच लॅनवर बहुधा मॅक मिळालाय, उत्तर आलेलं नाही. ‘रिप्लाय फ्रॉम’ असं येऊन पुढे तुमच्याच कॉम्प्युटरचा आयपी आणि ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असेल, तर एआरपीलाच कोणी ओ दिली नाही. गंमत म्हणजे विंडोज हीसुद्धा आलेली उत्तरं म्हणून मोजतो आणि खाली ‘लॉस्ट = 0’ दाखवतो. त्या शून्यावर विसंबू नका.

मॅक मिळतच नसेल तर आधी दोन्हीकडचे आयपी आणि सबनेट मास्क (आयपीचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) ताडून बघा. एकीकडे 192.168.1 आणि दुसरीकडे 192.168.0 असेल, मास्क 255.255.255.0 असेल, तर ते एकमेकांना हाकच मारणार नाहीत. 169.254 ने सुरू होणारा आयपी म्हणजे डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सेवा) पत्ता मिळालेला नाही. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर दोन्ही पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचच्या आत पाडलेला वेगळा गट) आहेत का ते बघा. एक मशीन वायफायवर असेल तर राउटरमधलं क्लायंट आयसोलेशन (वायफायवरच्या मशीनना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) तपासा.

एवढं करूनही जमलं नाही तर स्विच बाजूला काढा. दोन्ही कॉम्प्युटर एकाच केबलने थेट जोडा, हाताने 10.0.0.1 आणि 10.0.0.2 द्या, मास्क तोच 255.255.255.0. गिगाबिट पोर्टना क्रॉसओव्हर (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) केबल लागत नाही. असं जोडल्यावर मॅक दिसला तर दोष स्विचकडे किंवा भिंतीतल्या वायरिंगमध्ये.

केबलवर शंका घ्यायची ती लिंक स्पीड बघून. दोन्ही बाजूंना गिगाबिट असून 100 एमबीपीएसच दिसत असेल, तर निळी किंवा तपकिरी जोडी बहुधा तुटलेली असते: 100 ला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. अशा वेळी आधी टोकाचा आरजे-45 (केबलचा प्लग) कापून नवा क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा.

एआरपीची यादी आणि पिंगचा मेसेज जसाच्या तसा इथे टाका, पुढचं बघू.