माझ्या सहा वर्षांच्या मुलाला एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, नसांवर गाठी येणारा जनुकीय आजार) आहे, एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग आलेत. या गाठी आहेत का? सासूबाई म्हणतात, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं.

ताई, मलाही एनएफ-१ आहे आणि माझ्या लेकीलाही. तिच्या रिपोर्टमध्येही 'सेरेबेलम आणि बेसल गँग्लियात ब्राइट स्पॉट', म्हणजे लहान मेंदूत आणि मेंदूच्या आतल्या खोल भागात पांढरे डाग, असंच आलं होतं. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: डागामुळं शेजारचा भाग दबलाय का, आणि एमआरआयच्या वेळी शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यानं डाग आणखी उजळला का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर त्या सहसा गाठी नसतात. एनएफ-१च्या बहुतेक मुलांत असे डाग दिसतात आणि मोठेपणी बरेचसे विरून जातात.

तुमचं मूल सहा वर्षांचं आहे, म्हणून मी डागांपेक्षा डोळ्यांकडं जास्त लक्ष देईन. एनएफ-१च्या शंभरातल्या पंधरा-वीस मुलांना डोळ्याच्या नसेवर ग्लायोमा (एक प्रकारची गाठ) होतो, तोही बहुधा सात वर्षांच्या आतच. पुष्कळांना त्यावर उपचारही लागत नाहीत. पण एका डोळ्याची नजर कमी झाली तरी लहान मूल सांगत नाही, दुसऱ्या डोळ्यावर भागवतं. दरवर्षी तपासणी हवीच. आपल्या भागातले डोळ्यांचे डॉक्टरही ती करतील, फक्त एनएफ-१ आहे हे आधी सांगा. वयाच्या मानानं उंची एकदम वाढायला लागली तर तेही सांगा. ग्लायोमामुळं वयात येणं लवकर सुरू होऊ शकतं.

पाठीच्या कण्याला बाक येतोय का, हे मात्र घरीच लक्षात येतं. शर्ट काढून मुलाला पुढं वाकवा आणि पाठीची एक बाजू वर येते का बघा. आमच्याकडं सगळे दप्तराच्या ओझ्यावर ढकलून मोकळे होतात, पण एनएफ-१मधला बाक कधी कधी फार झपाट्यानं वाढतो. मज्जारज्जूभोवतीची पिशवी फुगून मणके झिजतात, किंवा नसेवरची गाठ मणक्याच्या फटीतून आत-बाहेर वाढते. पायात जोर कमी वाटला, लघवीवरचा ताबा गेला किंवा पाठदुखीनं मूल रात्री उठायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रक्तदाबही मोजून घ्या, तो बहुतेक वेळा राहूनच जातो.

सासूबाई ग्रहणाचं म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. दोष १७ व्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो, आणि निम्म्या मुलांत तो घरात पहिल्यांदाच येतो. तुम्ही ग्रहणात भाजी चिरली की नाही, याचा इथं काही संबंध नाही.

आणि एमआरआयची सीडी मागून घ्या. पुढच्या वेळी तुलना करायला नुसता कागद पुरत नाही.