कुंडीतली चिलटं

प्रश्न : आम्ही दादरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस, मनीप्लांट आणि कढीपत्ता लावलाय. पाऊस सुरू झाल्यापासून कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उडतात, चहाच्या कपातसुद्धा पडतात. फवारा मारला की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. काय करावं?

उत्तर : ताई, आधी तो फवारा बंद करा. त्याच तुळशीची पानं तुम्ही चहात घालत असणार! शिवाय त्याने उडणारी चिलटं तेवढी मरतात. अंडी आणि अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात सुखरूप असतात. एकेक मादी शंभरावर अंडी घालू शकते.

खात्री करायची तर बटाट्याची एक चकती मातीवर दाबून ठेवा, दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. मुलुंडला माझ्या मनीप्लांटच्या कुंडीत ठेवली होती, तर खाली सात-आठ अळ्या. दोऱ्यासारख्या, आरपार दिसतील अशा पांढुरक्या, आणि डोकं तेवढं काळं चकचकीत. बुरशी आणि कुजलेलं हे त्यांचं खाणं, कोवळी मुळंही कुरतडतात. मी तेव्हा चहाचा चोथा न धुता, दूधसाखरेसकट कुंडीत टाकायचे. तुम्हीही टाकत असाल तर आजच थांबवा.

खरा इलाज पाण्याचा. पावसाळ्यात आपल्याकडची माती लवकर सुकतच नाही आणि आपण सवयीने रोज तांब्याभर ओततो. बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. वरची इंचभर माती काढून फेकून द्या, दुसऱ्या कुंडीत नको. तिथे जाड रेती पसरा. नर्सरीत पिवळे चिकट सापळे मिळतात, ते मातीलगत खोचा. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून निदान महिनाभर नेट धरा.

चिलटं केळ्यांवर बसत असतील तर ती फळमाशी, फळं झाकून ठेवा. बाथरूमच्या भिंतीवर केसाळ पंखांची दिसली तर मोरीची जाळी काढून आतला बुळबुळीत थर ब्रशने घासा.

आणि कुंडीखालच्या बश्या! त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. दर आठवड्याला बश्या काथ्याने घासून पालथ्या घाला.