केनियाची एए कॉफी आंबट लागते, म्हणजे ती खराब आहे का?

तुमचा प्रश्न असा: 'केनिया एए, न्येरी' लिहिलेलं महागडं पाकीट आणलं, ८५ अंशांच्या पाण्याने ड्रिपरमध्ये, म्हणजे गाळणीच्या शंकूत वरून पाणी ओतून, कॉफी केली, ती दीड मिनिटात गळून गेली आणि लिंबासारखी आंबट लागली. दुकानदार म्हणतो, ही अशीच असते. त्याचं अर्धंच बरोबर आहे.

केनियाच्या चांगल्या कॉफीचा आंबटपणा पिकलेल्या करवंदासारखा असतो. घोटामागोमाग गोडी येते आणि कप निवत जातो तसा तो आणखी छान लागतो. मागे गोडी नसेल, कॉफी पातळ आणि किंचित खारट लागत असेल, तर अर्क पुरता उतरलेला नाही. व्हिनेगरसारखा किंवा कुजका वास आला, तर मात्र दोष बियांतच आहे, घरी काही केलं तरी तो जात नाही.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमचा आंबटपणा दुसऱ्या प्रकारचा दिसतो. हे करून बघा: १५ ग्रॅम कॉफी, २५० मिली पाणी, तापमान ९४ ते ९६ अंश. दळण जाड रव्यासारखं असेल तर बारीक रव्याएवढं करा. आधी ४५ मिली पाणी घालून ४० सेकंद थांबा, उरलेलं दोन-तीन वेळा ओता. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास व्हायला हवं. चार मिनिटांच्या पुढे जाऊन घशाशी तुरट लागलं, तर दळण थोडं जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. बोअरचं जड पाणी वापरू नका. त्यातले बायकार्बोनेट आम्ल मारतात आणि कॉफी खडूसारखी सपाट लागते. भाजून आठवडा-दहा दिवस झालेली कॉफी बहुधा सगळ्यात चांगली उतरते.

एवढं गरम पाणी कशाला, तर ही बी फार घट्ट असते. न्येरी आणि किरिन्यागा भागातल्या कॉफीच्या बऱ्याचशा बागा माउंट केनियाच्या उतारांवर, ज्वालामुखीच्या लाल मातीत, १,६०० ते १,८०० मीटरवर आहेत. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याएवढ्या किंवा त्याहून उंच, आणि तेही विषुववृत्ताला खेटून. रात्री गार असल्याने फळ सावकाश पिकतं. त्यात झाडं एसएल-२८ आणि एसएल-३४ या वाणांची. १९३० च्या दशकात केनियातल्या स्कॉट प्रयोगशाळेत निवडलेले हे वाण चवीला अप्रतिम, पण फळावरच्या करप्याला आणि तांबेऱ्याला लगेच बळी पडतात. म्हणून पुढे रुइरू-११ आणि बाटियन हे रोगाला दाद न देणारे वाण आले.

शेतकऱ्याकडे बहुधा काहीशे झाडंच असतात. तोडलेली फळं तो त्याच दिवशी सहकारी संस्थेच्या धुलाई केंद्रावर नेतो. तिथे या केंद्राला 'फॅक्टरी' म्हणतात. हिरवी आणि किडकी फळं हाताने निवडून बाजूला काढली की साल काढतात. चिकट गर सुटावा म्हणून बी टाकीत साधारण १२ ते ३६ तास आंबवतात, वाहत्या पाण्याच्या पाटात धुतात, आणि बऱ्याच ठिकाणी पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजत ठेवतात. मग जाळीच्या उंच माचांवर, ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवतात. दुपारचं ऊन कडक झालं की झाकायचं, नाहीतर वरचं टरफल तडकतं. बिघडतं बहुतेकदा टाकीत. कालची एखादी बी साल काढायच्या यंत्रात अडकून राहिली आणि आजच्या मालात मिसळली, तर ती कुजते आणि तिच्या वासाने अख्खा कप जातो. एक किलो कच्ची कॉफी मिळायला सहा-सात किलो फळं लागतात, त्यामुळे इथली प्रत्येक चूक महाग पडते. शिवाय शेतकऱ्याच्या हाती बरेचसे पैसे माल विकल्यावर, काही महिन्यांनीच येतात.

आता 'एए'. तो फक्त बीचा आकार आहे: सुमारे सात मिलीमीटरच्या चाळणीवर राहिलेली बी. चवीची हमी त्यात नाही. त्याच फॅक्टरीची 'एबी' थोडी लहान असते आणि पुष्कळदा तितकीच चांगली, किंमत मात्र कमी. माझं मत विचाराल तर एए या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजू नका. पाकिटावर फॅक्टरीचं नाव, वाण, हंगाम आणि भाजल्याची तारीख आहे का ते बघा. मुख्य तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर, छोटी एप्रिल ते जूनच्या सुमारास. हंगाम लिहिलेलाच नसेल तर दुकानदाराला विचारा. कच्चा माल दीड-दोन वर्षं पडून राहिला की करवंद जातं आणि गोणपाटाची चव उरते.

पुढे कधी रवांडा किंवा बुरुंडीची घेतलीत आणि एखाद्याच कपाला कच्च्या बटाट्याच्या सालीचा वास आला, तर पाकीट फेकू नका. कॉफीच्या झाडावरच्या अँटेस्टिया नावाच्या ढेकणाशी जोडलेला तो दोष एखाद-दुसऱ्या बीतच असतो. प्रत्येक कपाची कॉफी वेगळी दळा, दळल्यावर हुंगा. वास आला तर तेवढीच टाकून द्या आणि पुढची दळण्याआधी यंत्र झटकून घ्या.